द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधला गोलकीपर

आपल्या नाशिकजवळ आइस हॉकीचा एक पगारी संघ होता आणि त्या संघाचा बर्फ मी बनवायचो, असं मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हळूच माझ्या तोंडाचा वास घेतो. नाशिक म्हटलं की लोकांना वाइन आठवते, त्यामुळे त्यात त्याची फार चूक नाही. पण मी माळकरी माणूस आहे हो! आयुष्यात वास घेतला तो फक्त गारव्याच्या प्लांटमधल्या अमोनियाचा.

बरं, बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा नव्हे. एका मोठ्या हॉलच्या जमिनीवर सपाट पसरलेला बर्फ, त्यावर पायात पात्याचे बूट घालून धावणारे दोन्हीकडचे सहा-सहा गडी, हातात लांब वाकडी काठी आणि चेंडूऐवजी काळ्या रबराची जाड चकती. तिला म्हणायचं पक. ती समोरच्याच्या जाळ्यात घालायची, इतकाच खेळ. बाकी ढकलाढकली भरपूर, पण ती नियमात बसते. आमच्या संघाचं नाव होतं 'गोदावरी ग्लेशियर्स'. आसपासच्या गावांत त्याचं 'गोदावरी ग्लिसरीन' झालं होतं आणि एका हेअर कटिंग सलूनवाल्याने तर ते पावडरचं नवीन दुकान समजून माझ्याकडे सँपल मागितलं होतं.

तो संघ आज नाही. दोन हंगामही धड झाले नाहीत त्याचे. पण संघाचा इतिहास लिहायला मी बसलेलो नाही, तेवढा तो मोठा नाहीच. मला सांगायचंय ते नोर्बूबद्दल. तो आमचा गोलकीपर. संघ बुडाल्यावर सगळे आपापल्या घरी गेले, हा एकटा मागे राहिला, कारण त्याला अजून काही आठवडे बर्फ हवा होता. देशाच्या संघाची निवड चाचणी एप्रिलमध्ये होती. घरून त्याला वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, की यंदा निवड झाली तर ठीक, नाहीतर परत ये आणि टॅक्सी चालव. आणि मार्च महिन्यात नाशिक जिल्ह्यात बर्फ कुणाकडे असेल तर तो माझ्याकडे.

आता हा बर्फ माझ्याकडे आला कुठून, तेही सांगतो.

माझी सगळी नोकरी द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, प्लांट ऑपरेटर म्हणून गेली. लोकांना वाटतं, कोल्ड स्टोरेज म्हणजे मोठा फ्रीज. बटण दाबायचं आणि खुर्चीत बसून पेपर वाचायचा. वाचून दाखवावाच कुणीतरी! द्राक्षाचा घड तोडला तरी तो जिवंत असतो, श्वास घेत असतो. त्याला पटकन गार करायचं, पण गोठू द्यायचं नाही. हवा ओलसर ठेवायची, नाहीतर देठ वाळतो, आणि देठ वाळला की परदेशातलं गिऱ्हाईक नाक मुरडतं. हे सगळं सांभाळताना कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला तरी जेवणाच्या ताटावरून उठायचं. आमची ही म्हणायची, "माझ्या हाका ऐकू येत नाहीत, आणि दोन भिंतींपलीकडचा कॉम्प्रेसर बरा ऐकू येतो."

आमचे मालक आबा. निफाडच्या अलीकडे त्यांच्या बागा, पॅक हाऊस आणि कोल्ड स्टोरेज. माणूस तापट, पण मनाने खुला. त्यांचा एकुलता एक मुलगा रोहन शिकायला कॅनडात गेला आणि येताना पदवीबरोबर एक हॉकीची काठी घेऊन आला. तेव्हा आबांच्या नवीन कोल्ड स्टोरेजचा मोठा हॉल नुकताच बांधून होत होता. रोहनचे तिकडचे मित्र देशात चार शहरांचे चार संघ काढून स्पर्धा भरवणार होते. याने सांगितलं, एक संघ नाशिकचा, आणि तो या हॉलमध्ये खेळेल. आबांनी आधी आकांडतांडव केलं, मग एकुलता एक म्हणून हो म्हणाले.

रोहन माझ्याकडे प्लांट रूममध्ये आला. "वसंतकाका, बर्फ करायचाय."

"किती लाद्या?"

"एकच."

"मग आत्ता देतो की."

"हॉलएवढी एक, काका."

मी हातातला पाना खाली ठेवला. पण खरं सांगू का, त्या दिवशी मला जी खुमखुमी आली, ती उभ्या नोकरीत कधी आली नव्हती. द्राक्षं गार करणारे माझ्यासारखे पन्नास जण या तालुक्यात आहेत. असला बर्फ करणारा मी एकटाच होणार होतो.

काँक्रीटच्या जमिनीत पाइपांचं जाळं पसरलं, त्यातून प्लांटमधलं उणे तापमानाचं खारं पाणी फिरवलं. वर पाणी शिंपडायचं, एकदम नाही, पातळ थरांनी. एक थर गोठला की दुसरा. मग पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेघा, मग पुन्हा थर. असं करत करंगळीच्या दोन पेरांएवढा बर्फ उभा करायचा. पहिला बर्फ मी बोअरच्या पाण्याचा केला. तो आमच्याकडच्या क्षारांनी पिवळट आणि भुसभुशीत निघाला, चिक्कीसारखा तुटायचा. मग शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं. वरचा हात मात्र गरम पाण्याचा द्यायचा. गरम पाणी ओरखडे बुजवतं आणि बर्फ नितळ होतो. मी चाकांवर एक पिंप बसवलं, मागे पाइप आणि ओला टॉवेल लटकवला आणि सारवण घालावं तसा सगळा हॉल रोज सारवत फिरायचो. बघायला आलेले शेतकरी म्हणायचे, "बर्फावर गरम पाणी? येडा झालाय वसंता."

उद्घाटनाच्या दिवशी खरे वेडे कोण ते कळलं. आबांनी पूजा ठेवली होती, आणि तीही मधोमध बर्फावर. रोहनने विरोध करून पाहिला. आबा म्हणाले, "भूमिपूजन भूमीवरच करतात. तुझी भूमी गार हाय, त्याला मी काय करू?" गुरुजींनी हळद-कुंकू वाहिलं, आबांनी नारळ फोडला, आणि मी कोपऱ्यात कपाळावर हात मारला. नारळाने बर्फात खड्डा पाडला, गोड पाण्याने तो मऊ झाला, आणि कुंकू वरच्या दिव्यांची उष्णता शोषून हळूहळू आत उतरायला लागलं. इथवर एकवेळ ठीक होतं. पण पूजा झाली म्हणजे जागा पवित्र झाली, म्हणून पाहुणेमंडळींनी बाहेर चपला काढल्या आणि अनवाणी नमस्काराला बर्फावर आली! आबांचे व्याही नुकतेच पाय धुऊन आलेले. ओले पाय बर्फाला असे काही चिकटले की भल्या गृहस्थाचे डोळे पांढरे झाले. शेवटी मी गरम पाण्याचं पिंप ढकलत नेलं आणि त्यांचे पाय सोडवले.

त्यात माणसांच्या गर्दीने हॉलमध्ये ओल वाढली आणि बर्फावर कमरेएवढं धुकं साठलं. पहिला सामना लोकांनी कमरेच्या वरचा पाहिला. पक कुणालाच दिसत नव्हता. पंचाची शिटी वाजली की लोक अंदाजाने टाळ्या वाजवायचे. मधल्या खड्ड्यात पक अडकून बसला आणि दोन्हीकडचे गडी काठ्यांनी चिखल उपसावा तसे तिथेच उपसत बसले. तरी सांगतो, लोक खूश होऊन गेले. एका मावशींनी जाताना मला विचारलं, पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न आहे, रसासाठी यातला थोडा मिळेल का? आत रंग आहे, असं सांगितलं तर म्हणाल्या, "केशरी असंल तर चालंल."

आमचे खेळाडू बहुतेक लडाखचे, काही हिमाचलचे. पोरं गुणी. सामने मात्र हरायचो. त्याचं कारण आमच्याकडे नोर्बू सोडला तर बचाव असा नव्हताच. नोर्बू लडाखचाच, बुटका, रुंद खांद्यांचा, सदा हसरा. अंगावर उशा बांधल्यासारखे पॅड चढवून जाळ्यासमोर उभा राहिला की मांजरासारखा दिसायचा, सगळं अंग आवळून बसलेलं. त्याच्या गावचा तलाव हिवाळ्यात दोन महिने गोठतो, तेवढाच त्याचा बर्फ. वर्षाचे दहा महिने तो नुसता वाट बघायचा. नाशिकला आल्यावर पहिल्या दिवशी बाहेर ऊन आणि आत बर्फ पाहून तो हातमोजा काढून खाली बसला, बर्फाला हात लावून म्हणाला, "काका, हे रोज?" मी म्हणालो, "रोज." तेव्हापासून तो माझा झाला. सराव संपला की पिंप ढकलायला यायचा, मराठी शिकायचा, आणि कॉम्प्रेसरचा आवाज बिघडला की मला सांगायचा. तसं करणारा दुसरा माणूस मला उभ्या आयुष्यात भेटला नाही.

दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर दोन शहरांतले रिंक, म्हणजे असेच बर्फाचे हॉल, बंद पडले. मग तिसरा. आम्ही खेळायला तयार, पण समोर खेळायला कुणी नाही. रोहनने पोरांना एकत्र बसवून ते सांगितलं. त्याने ज्याचे त्याचे पगार देऊन सगळ्यांची गळाभेट घेऊन त्यांना पाठवलं, आणि स्वतः कितीतरी दिवस हॉलकडे फिरकला नाही. आबांनी मला बोलावून घेतलं.

"वसंता, झालं ते झालं. द्राक्षाचा हंगाम तोंडावर आलाय. उद्या प्लांट बंद कर, बर्फ वितळव, हॉल धुऊन घे."

मी मान हलवली आणि प्लांट रूमकडे आलो तर दारात नोर्बू. बॅग भरलेली, पण खांद्यावर नाही, पायाशी. त्याने चाचणीचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. रडला वगैरे नाही. फक्त विचारलं, "काका, बर्फ किती दिवस?"

माझ्या जिभेवर 'उद्यापर्यंत' आलं होतं. पण ते बोलवलं नाही. मी वळून पाइपांकडे पाहिलं आणि डोक्यात आलं, की जमिनीतल्या पाइपांचे गट वेगळे आहेत, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह आहे. सगळा हॉल गोठवायची गरजच काय? गोलकीपरला धावायचं थोडंच असतं! त्याला जाळं आणि जाळ्यासमोरची जागा मिळाली की झालं.

आबांकडे गेलो. ते बागेत उभे होते. "एक कोपरा राहू द्या," म्हणालो. "बाकी हॉलमध्ये द्राक्षं लावू. मध्ये प्लास्टिकचे पडदे सोडतो. बर्फाला हवा कोरडी लागते, द्राक्षाला ओली, म्हणून पडदे. माझी जबाबदारी."

"कुणासाठी?"

"नोर्बूसाठी."

आबांनी समोरचा घड हातात धरून उलटा केला. "एका पोरासाठी प्लांट चालवायचा?"

"प्लांट द्राक्षासाठी चालणारच आहे, आबा. तो एक व्हॉल्व्ह तेवढा उघडा ठेवतो."

"द्राक्षाला धक्का लागला ना वसंता, तर तुझ्या त्या नोर्बूला क्रेटमध्ये घालून युरोपला पाठवीन." म्हणजे हो म्हणाले. आबांचं हो असंच असायचं.

तर असा आमचा हॉल झाला. इकडे द्राक्षांचे क्रेट छतापर्यंत, मध्ये पडदे, आणि पडद्यापलीकडे पांढऱ्या बर्फाच्या तुकड्यावर पूर्ण पोशाखात उभा नोर्बू. पण उभा राहून करणार काय? त्याच्यावर पक मारायला कुणी नव्हतं. मी काठी घेऊन उतरलो. पहिल्याच फटक्याला पक तिथेच राहिला आणि मी मागे पडलो. माकडहाड आजही थंडीत दुखतं. हमालांनी एक दिवस हौस केली, पण त्यांचे फटके छताला लागायचे. नोर्बूने कुणालाच नावं ठेवली नाहीत. तो नुसता कंबर वाकवून वाट बघत उभा राहायचा, आणि ते मला बघवायचं नाही.

पॅक हाऊसमध्ये तेव्हा पेठ तालुक्यातल्या डोंगराकडच्या बायका हंगामाला आलेल्या होत्या. घड हातात घेऊन बारीक कात्रीने खराब मणी काढायचे, वजनाप्रमाणे पिशवीत भरायचे, हे त्यांचं काम. त्यांची मुकादम मंदाबाई. चाळिशीची, काटकुळी, बोलायला फटकळ. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती पडदा सारून आत डोकावली आणि आमची फजिती पाहत उभी राहिली.

"दादा, त्या पोराला काय मारायचं हाय का?"

"मारायचं नाही, मंदाबाई. ही चकती त्याच्या मागच्या जाळ्यात टाकायची. तो अडवणार."

"आन् अडवली तर?"

"तर तो जिंकला."

"आन् नाय अडवली तर?"

"तर तू जिंकलीस."

तिने पक हातात घेतला, उलटसुलट केला, वजन बघितलं. मग कमरेला खोचलेली दोरी सोडली. मला वाटलं, क्रेट बांधायची असेल. ती गोफण होती! डोंगरात नागली, म्हणजे आपली नाचणी, तयार झाली की पाखरं हाकायला बायका-पोरं गोफण चालवतात. हिने लहानपणापासून चालवलेली. "गावची सवय हाय, सुटत नाय," म्हणाली. तिने पक गोफणीत ठेवला, एक फेरा दिला आणि सोडला. नोर्बू हलायच्या आत पक जाळ्यात. नोर्बू मागे वळून जाळ्याकडे बघतोय, मी मंदाबाईकडे बघतोय, आणि पडद्याआडून जमलेल्या बायका खदाखदा हसतायत.

नोर्बूने हेल्मेट वर केलं. दोन्ही हात जोडून म्हणाला, "मावशी, अजून एक."

त्या दिवसापासून जेवणाची सुट्टी म्हणजे सराव. मंदाबाई डबा लवकर उरकायची आणि गोफण घेऊन आत यायची. दुसऱ्या बायका खाली गोणपाट टाकून बसायच्या आणि ओरडायच्या. नोर्बूची पहिल्या आठवड्यात दैना झाली. त्याचं म्हणणं असं, की काठीने मारणारा खेळाडू आधी काठी मागे नेतो, खांदा फिरवतो, त्यावरून अंदाज येतो. मावशीचा हात फिरतो, पण पक कधी सुटणार ते कळतच नाही. तेव्हा हाताकडे बघायचं सोडून त्याने नुसत्या पककडे बघायला सुरुवात केली. मग हळूहळू अडवायला लागला. एकदा पक हेल्मेटच्या जाळीवर बसला आणि नोर्बू आडवा झाला. मंदाबाईने गोफण फेकून दिली आणि मटकन खाली बसली. "पोराचं डोकं फुटलं असतं माझ्या हातून. आता नाय मारणार." नोर्बू उठून घसरत तिच्यापर्यंत आला, हेल्मेटवर स्वतःच ठोसे मारून दाखवले आणि हसत तिथेच उभा राहिला. गोफण त्यानेच उचलून तिच्या हातात दिली.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि आभाळ भरून आलं. चाचणीला थोडेच दिवस राहिले होते. रेडिओवर, मोबाइलवर एकच, अवकाळी पाऊस, गारा. काढणीला आलेल्या द्राक्षावर गार पडली की बाग गेली. सगळ्या तालुक्याने एकदम तोडणी सुरू केली. आमच्या फाटकाबाहेर पिकअप आणि ट्रॅक्टर लागले. आजूबाजूची कोल्ड स्टोरेजं भरली, आमचंही भरलं. आबा सकाळपासून उभे होते, आवाज बसलेला. मला बघून त्यांनी पडद्याकडे बघितलं. तो कोपरा सोडला तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

एकीकडे बाहेर उभे असलेले लोक, माझ्याच ओळखीचे, वर्षभराचा माल ट्रॉलीत घेऊन आभाळाकडे बघणारे. दुसरीकडे हा पोरगा. देवाशप्पथ सांगतो, मी दोन पावलं पडद्याकडे गेलो आणि परत फिरलो.

तेवढ्यात पडदा सरकवून नोर्बूच बाहेर आला. बूट काढलेले, पायात कुणाच्या तरी स्लिपर. त्याने बाहेरची रांग बघितली होती. "काका, व्हॉल्व्ह बंद करा," म्हणाला. "क्रेट बर्फावर ठेवा. खाली लाकडी फळ्या टाका, द्राक्ष गोठणार नाही. बर्फ पण लगेच नाही वितळणार, आत थंडच आहे."

अगदी बरोबर होतं ते. माझ्याचकडून शिकला होता. पण बर्फ राहिला तरी तो क्रेटखाली राहणार, त्याचा सराव संपला होता. "तुझ्या चाचणीचं काय रे?" मी विचारलं.

"तुमच्या लोकांचं वर्षभराचं आहे," तो म्हणाला. "माझ्या गावी पण जर्दाळू असतात, काका. मला माहीत आहे."

आणि तो क्रेट उचलायला लागला. मी व्हॉल्व्ह बंद केला. आबा बाजूला उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि रांगेकडे बघून बसक्या आवाजात ओरडले, "चला रे, घ्या आत!"

दुसऱ्या दिवशी पाऊस आला तो तुरळक, पण आला. माल वाचला. आणि त्याच दुपारी मंदाबाई माझ्या समोर उभी. "बर्फ नाय, तर पोरानं बसून राह्यचं का?" बेदाणा वाळवायची मोठी ताडपत्री तिने बायकांकडून पॅक हाऊसच्या मागच्या अंगणात पसरून घेतली. वर साबणाचं पाणी ओतलं. गोलकीपरला गुडघ्यांवर घसरत इकडून तिकडे जावं लागतं, ते तिने इतक्या दिवसांत बघून ठेवलं होतं. दोन रिकामे क्रेट म्हणजे गोल. उन्हाचा कहर, नोर्बू सगळे पॅड चढवून फेस झालेल्या ताडपत्रीवर, आणि मंदाबाई ट्रॉलीवर उभी राहून गोफण फिरवतेय. पॅडमधून घामाच्या धारा. मध्येच एखादी बाई त्याच्या डोक्यावर तांब्या ओतायची. आबा तिथून जाता जाता थांबले, दोन-तीन फटके पाहिले. चौथा नोर्बूने हवेतच पकडला तेव्हा आबा सगळ्यांआधी ओरडले, "शाब्बास!" मग आजूबाजूला बघून घसा खाकरला आणि निघून गेले.

तो गेला त्या सकाळी आबांनी स्वतःची गाडी पाठवली. मंदाबाईने काही दिलं नाही, फार बोललीही नाही. "डोळं उघडं ठेव," एवढंच. त्यानंतर महिन्याने द्राक्षं निघून गेली आणि मी तो उरलेला बर्फ वितळवला. पांढरं पाणी, मग लाल, मग निळं, सगळं गटारात वाहून गेलं. गोदावरी ग्लेशियर्सचा तेवढाच शेवट झाला. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन जेवलो नाही.

निवडीची बातमी आली तोवर पेठकडच्या बायका आपल्या गावी परतल्या होत्या. मंदाबाईचा फोन लागेना. तिच्या पाड्यावर रेंजच नाही. नोर्बूने चाचणीचा व्हिडिओ मला पाठवला होता. मी तो मोबाइलमध्ये साठवून घेतला, सकाळची पेठची एसटी पकडली, पुढे जीप, पुढे पायी.

ती शेतात होती. पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायचं काम चाललं होतं, हात काळे. मला बघून घाबरलीच. "काय झालं वं दादा? पोराला काय झालं?"

"काही झालं नाही. बघ."

तिने हात लुगड्याला पुसले आणि उभ्यानेच व्हिडिओ पाहिला. "ह्यो आपला का? तोंड दिसत नाय." आपलाच, म्हणालो. समोरून पक आला की तिचा उजवा खांदा हलायचा. एक अडवला, दुसरा, तिसरा, दहावा. मधला एक सुटला, जाळ्यात गेला. तिने च्च केलं. पुढचे सगळे पुन्हा अडवले.

"घेतला का त्याला?"

"घेतला. देशाच्या संघात घेतला."

ती एकदम खाली बसली. पदर डोळ्यांना लावला आणि हमसून हमसून रडली. मीही रडलो, कारण तिथे बघायला होतं कोण? थोड्या वेळाने ती उठली आणि म्हणाली, "चला टेकडीवर. तिथं लागतो फोन."

टेकडीवर रेंजची एक काडी मिळाली. नोर्बूने लगेच उचलला. "मावशी!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"एक सोडलास," मंदाबाई म्हणाली.

पलीकडून नोर्बू घाईघाईने म्हणाला, "मावशी, तो मारणारा खूप मोठा खेळाडू आहे. सगळ्यात जोरात मारतो."

"माझ्यापरीस जोरात?"

"नाही, मावशी."

"मंग?"

नोर्बू हसायला लागला. म्हणाला, वडिलांनी टॅक्सीचं नाव काढायचं बंद केलंय. म्हणाला, "हिवाळ्यात आमच्या गावी या, मावशी. अख्खा तलाव गोठतो. मशीन नाही, लाइट नाही, काहीच नाही. सरावाला तुम्हीच पाहिजे. गोफण घेऊन या."

मंदाबाईने फोन हाताने झाकला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "दादा, तिकडं जायाला यष्टी कुठनं मिळंल?"

तिचा चेहरा अगदी गंभीर होता. नागली निघाल्यावर तिला महिनाभर सवड असते, तेही तिने मनात धरलं असणार. मी फोन तिच्याकडून घेतला आणि नोर्बूला सांगितलं, "दोन माणसांची सोय कर रे. मलाही एकदा फुकटचा बर्फ बघायचाय."